स्वस्तातले बिट

माझ्या कारखान्यात माणसं येतात ती बहुतेक टेबल-खुर्च्यांसाठी. पण अलीकडे एक नवी जमात यायला लागली आहे. बँकेतून निवृत्त झालेले साहेब, पुण्याहून सुट्टीवर आलेली मुलं. मोबाइलवर सुतारकामाचे व्हिडिओ बघून यांनी घरी मशीन मागवलेलं असतं. आत शिरतात, चारी बाजूंनी नजर फिरवतात आणि सुतार कुठे आहे म्हणून मलाच विचारतात. मीच, म्हटलं की पुन्हा एकदा चारी बाजूंनी बघून घेतात. मग घसा खाकरून मुद्द्यावर येतात. राउटरचे स्वस्तातले बिट घ्यावेत का, मॅडम?

राउटर म्हणजे दोन्ही हातांनी धरायचं मशीन. त्याच्या तोंडात जो बिट बसवाल तो गरागरा फिरतो आणि आपल्या आकाराचं लाकूड कोरून काढतो. कुणाची खाच पडते, कुणाची गोलाई येते, कुणाची नुसती रेघ. बिट बोटभर असतो, पण त्याच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि सगळी चर्चा त्याच्यावरच चालते.

माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते ऐकून कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही. जो आकार वर्षातून एखाद्या वेळी लागतो त्याचा बिट स्वस्त घ्या. जो रोज लागतो तो चांगला घ्या. रोज कुठला लागतो ते तुम्हाला अजून माहीत नाही, म्हणून आधी स्वस्तातली डबी घ्या. तिच्यातला जो सगळ्यात आधी झिजेल तो तुमचा रोजचा. जाड, मोठ्या घेराचा बिट मात्र स्वस्त घेऊच नका, त्याचा तुकडा उडाला तर डोळा जाईल. आणि चष्मा लावा, तुमचा तो व्हिडिओवाला लावत नसला तरी. मी स्वतः आज चांगलेच वापरते. एवढं सांगून मी कामाला लागते, कारण पुढचं सांगत बसायला मला वेळ नसतो आणि त्यांना ऐकायला. पुढचं सगळं माझ्या वडिलांबद्दल आहे. ते आता नाहीत.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. आमचं गाव औशाच्या पलीकडचं आणि अप्पा गावचे सुतार. बैलगाडीच्या चाकापासून लग्नातल्या पाटापर्यंत सगळं करायचे, पण त्यांचा जीव माळवदाच्या कामात. माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. त्याच्या खाली सगळं लाकूडकाम असतं, खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या. गल्लीतून जाताना अप्पा घरं माणसांवरून ओळखत नसत. हे सागाचं, हे लिंबाचं, इथली तुळई मी आणि माझ्या बापाने चढवलेली, असं चालायचं. कुणाच्या घरी चहाला बसले की चहा थंड होईपर्यंत वर बघत बसायचे. आई चिडायची, लोकांना वाटतं तुम्ही त्यांच्या घरातली जाळी-जळमटं बघून राहिलात.

मग भूकंप झाला आणि गाव खाली बसलं. आम्ही तिघंही वाचलो. अप्पांचा उजवा हात दाराच्या चौकटीखाली सापडला होता. त्याला फडकं बांधून ते पुढचे दिवस गावातच राहिले. भावकीत ज्यांच्यामागे अग्नी द्यायला कुणी उरलं नव्हतं, त्यांच्या सरणाभोवती डाव्या खांद्यावर मडकं घेऊन अप्पाच फिरले. ते झाल्यावर लातूरच्या दवाखान्यात हात दाखवला. प्लास्टर निघालं तेव्हा दोन बोटं वळायची बंद झाली होती आणि मूठ मिटत नव्हती. रंधा मारायचा तर मूठ लागते.

हाताबद्दल अप्पा कधी कुरकुरले नाहीत. बोलले ते वेगळंच. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, आईने जेवायला वाढलं होतं, आणि ताटाकडे बघत अप्पा म्हणाले, "घराघरात माझ्याच हातच्या तुळया व्हत्या."

"माणसं दगडांनी मेली," आई म्हणाली. "भिंती पडल्या म्हणून मेली. तुमच्या तुळयांनी न्हाई."

आईचं बरोबर होतं. गावात लोक एकमेकांना दाखवत होते, भिंत ढासळली आहे पण खांब न् तुळई जागच्या जागी उभे आहेत. अप्पांनाही दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांच्या आत काही गेलं नाही. "आता लाकडाला हात लावायचा न्हाई," असं म्हणून त्यांनी हत्यारांची पेटी बंद केली. तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता. अप्पा पुन्हा लाकडाला हात लावतील की असेच बसून संपून जातील. आई तो तोंडावर आणायची नाही, मीही नाही, पण सकाळी उठल्यावर आम्ही दोघी आधी अप्पांच्या हातांकडे बघायचो.

आम्ही लातूरला आलो. एका आतल्या गल्लीत दोन खोल्या आणि पुढे अंगण. त्या काळात लातूर पॅटर्नची हवा जोरात होती. गुत्ते म्हणजे कंत्राट घेतल्यासारखे क्लास उघडत होते आणि ज्याच्याकडे चार भिंती होत्या तो त्यात पोरांना ठेवून घेत होता. लोकांनी गोठे रिकामे करून खोल्या काढल्या. उन्हाळा संपत आला की एसटी स्टँडावर वळकट्या आणि पत्र्याच्या ट्रंका घेतलेले बाप उतरायचे, कुणी शिरूर अनंतपाळचे, कुणी देगलूरचे, आणि सगळ्यांना पोरगा डॉक्टर करायचा असायचा. आईने खानावळ सुरू केली. तिची आमटी ज्या पोरांनी खाल्ली त्यातली बरीच आज खरोखरच डॉक्टर आहेत आणि रस्त्यात भेटली की तिच्या पाया पडतात. मी बारावी कशीबशी काढली. डॉक्टरांच्या गावात राहून नापास व्हायची लाज तेवढी वाचली.

अप्पा भाजी आणायचे, पाणी भरायचे आणि उरलेला वेळ बाजेवर बसायचे. त्या काळात आमच्या पोळपाटाचा एक पाय ढिला झाला होता. आई त्याच्याखाली कागदाची घडी सारून पोळ्या लाटायची आणि अप्पांना ऐकू जाईल अशा बेताने तो पोळपाट खडखड वाजवायची. सुताराच्या घरी पोळपाट लंगडा, असं भिंतीला सांगायची. अप्पा ऐकून घ्यायचे. एकदा तर बाजारातून नवा पोळपाट घेऊन आले, ॲल्युमिनियमचा. आई दोन दिवस बोलली नाही.

मला राउटर भेटला तो नांदेडला. तिथे माझी मावशी असते. बारावीनंतर तिने मला काही महिने ठेवून घेतलं होतं, शिवणकाम शिकायला. शिवणाच्या क्लासला जाताना जुन्या गावात एक हत्यारांचं दुकान लागायचं. दुकानदार मुसलमान होते, आजोबा-पणजोबांपासून हाच धंदा. सगळे त्यांना चाचा म्हणायचे म्हणून मीही म्हणायला लागले. सुताराची पोर आहे कळल्यावर त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि शिवणकामाचं माझं शिक्षण तिथेच संपलं. दुकानात हातरंधे, पटाश्या, करवती होत्याच, पण एका कोपऱ्यात एक जुना राउटर पडला होता, कुठल्या तरी बंद पडलेल्या फर्निचरवाल्याचा. चाचांनी तो चालू करून दाखवला. मी बघत होते चाचांचे हात. मशीनच्या दोन्ही बाजूंना गोल लाकडी मुठी होत्या आणि चाचांनी त्या आवळल्या नव्हत्या, वरून नुसते तळवे ठेवून दाबल्या होत्या. ज्याची मूठ मिटत नाही त्यालाही हे धरता येईल, हे माझ्या डोक्यात शिरलं ते निघेचना.

खानावळीतल्या पोरांना टेबलं हवीच होती. उमरीहून आलेले एक गृहस्थ मुलाची खोली बघून आईला म्हणाले होते, "बाई, पोरगं मांडीवर पाट घेऊन किती दिवस लिहिणार?" टेबलाचे पाय लोखंडी करून देणारा वेल्डर गल्लीतच होता. वरची फळी आणि तिच्या कडा, एवढंच लाकूडकाम. आईने खानावळीतून मागे टाकलेलं काढून दिलं आणि मी राउटर आणायला नांदेडला गेले. राउटर घेतल्यावर बिटांपुरतं फारसं उरलं नाही. चाचांनी एक लाकडी डबी पुढे केली, तिच्यात ओळीने बिट खोचलेले.

"बेटी, मी खोटं बोलणार नाही," चाचा म्हणाले. "हे साध्या पोलादाचे. धार लवकर जाते. कडेच्या बिटाला खाली फिरणारं बेअरिंग पण नाही, नुसता खुंट आहे, तो लाकडावर घासत जातो. लाकूड जळतं. जरा थांब, पैसे जमव, चांगला माल घे."

मला थांबायचं नव्हतं. मी डबी घेऊन बसमध्ये बसले.

वखारीतून सागाची एक फळी आणली. आईचं खानावळीतलं मोठं पातेलं अंगणात पालथं घातलं, त्यावर गोणपाट टाकलं आणि फळी ठेवली. अप्पा बाजेवर होते. मशीन घरात आलं तेव्हा त्यांनी एकदा बघितलं होतं आणि मान फिरवली होती. आज त्यांनी बाजेची दिशाच बदलून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आई दारात भाकरी थापत होती. मी मशीन चालू केलं, फळीच्या कडेला लावलं आणि फळीभोवती फिरायला लागले.

कशी फिरायला लागले हे सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यातच आहे. लहानपणापासून मला एकच फिरणं माहीत. देवाला, तुळशीला, वडाला, उजव्या हाताला ठेवून. हात जोडलेले नसले तरी पाय तसेच पडतात. तशी मी फळीला प्रदक्षिणा घालायला लागले. राउटरचा बिट मात्र अशा दिशेने फिरतो की या बाजूने गेलं तर तो लाकूड कापत नाही, लाकडावरून पळत सुटतो. माझ्या हातातलं मशीन उधळलं. फळीच्या कडेचा टवका निघाला, फळी पातेल्यावरून सरकली, मी कशीबशी मशीन सावरून पुन्हा तिथेच लावलं. या वेळी दाबून धरलं, तर बिट जागच्या जागी घासत राहिला. धूर निघाला. सागाचा चांगला पिवळा काठ काळा पडला आणि अंगणभर वास सुटला.

अप्पांची पाठ माझ्याकडे होती. दिसत काहीच नव्हतं त्यांना. पण तो वास.

"लाकूड जाळून राहिलीस व्हय गं?"

इतक्या दिवसांत अप्पांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. मी मशीन बंद केलं. अप्पा बाजेवरून उठले, पायात चप्पल न घालता अंगण ओलांडून आले आणि फळीच्या काळ्या काठावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरकले. "साग हाय हा. साग. चुलीत घालायचा हाय का?"

आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली होती.   मला शिव्या बसत होत्या आणि त्या थांबू नयेत असं मला वाटत होतं.

अप्पांनी बिट काढायला लावला. उन्हात धरून धारेचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, कडेचा निघालेला टवका बघितला, धार नखावर घासून बघितली. "धार हाय का ही? कुणी इकला तुला हा?" असं म्हणत घरात गेले आणि पेटी उघडल्याचा आवाज आला. कुरुंदाचा दगड आणि तेलाची बाटली घेऊन बाहेर आले. बिटाची आतली सपाट बाजू दगडावर ठेवून डाव्या हाताने घासायला लागले. उजवा हात नुसता वजनासाठी वर ठेवला होता. बाहेरच्या बाजूला हात लावायचा न्हाई, आकार बिघडतो, एवढंच बोलले. मग आईकडून लाइट गेल्यावर लावायची मेणबत्ती मागितली आणि फळीच्या कडेला, जिथून तो खुंट घासत जाणार होता तिथे, मेण चोळलं.

"आता लाव," ते म्हणाले. "आन् उलटी फिर. डावीकडून उजवीकडं चल. फळी डाव्या हाताला पाहिजे तुझ्या."

"न्हाई," आई म्हणाली.

ती दारातून उठून आली होती, पिठाच्या हातांनी. "घराच्या अंगणात उलटं फिरायचं न्हाई. लई झालं उलटं फिरून."

आमच्याकडे उलटं फिरतात ते सरणाभोवती. आई हे कुणाला उद्देशून म्हणाली ते तिघांनाही कळलं. अप्पा मेणबत्ती हातात धरून उभे राहिले. मला वाटलं, संपलं, आता हे वळतील, बाजेवर जाऊन बसतील आणि पुन्हा उठायचे नाहीत. त्या क्षणी मला आईचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं हे मी नंतर पाहिलं.

अप्पा बराच वेळ फळीकडे बघत होते. माळवदाखाली बसून वर बघायचे तसे. मग त्यांनी गोणपाटावरची फळी एका बोटाने ढकलली. फळी पातेल्यावर गरकन फिरली.

"कुणीच फिरायचं न्हाई," ते म्हणाले. "म्या हितंच उभा ऱ्हातो. माझ्यापुढची कड झाली की तू फळी फिरव." हे ते आईला म्हणाले. "हात धू आधी. पीठ लागतंय लाकडाला."

आणि त्यांनी माझ्या हातातून मशीन घेतलं.

डाव्या हाताची मूठ घट्ट बसली. उजव्या हाताचा तळवा दुसऱ्या मुठीवर ठेवला, ती दोन बोटं तशीच ताठ वर राहिली, आणि त्यांनी अंगाचा भार दिला. मशीन डावीकडून उजवीकडे गेलं. कड पिवळी आली, गोल आली, कुठेतरी जराशी तांबूस झाली तेवढीच. अप्पांनी मशीन उचललं. आईने फळी फिरवली. गंमत अशी की मशीनला जी कड पुढे हवी होती ती आणायला फळी नेमकी देवाला फिरतो त्याच दिशेने फिरवावी लागत होती, म्हणजे आईला बोलायला जागाच उरली नाही. दुसरी कड, मग तिसरी. आई पदर खोचून फळी दाबून धरत होती आणि अप्पा तिला धाकट्या गड्याला ओरडावं तसे ओरडत होते, दाब, दाब म्हणतो ना, आता सोड. भाकरी तव्यावर जळून कोळसा झाली. तिचा वास कुणालाच आला नाही.

त्या दिवसानंतर अप्पांनी काम सुरू केलं असं म्हणायची सोय नव्हती. ते तसं म्हणूच देत नसत. कुणी विचारलं तर सांगायचे, "म्या कुठं काम करतो? पोरगी लाकूड जाळती म्हणून नजर ठेवतो." नजर ठेवता ठेवता पोळपाट दुरुस्त झाला. वखारीतली फळी मी आणलेली त्यांना पसंत पडेना, मग ते स्वतः जायला लागले. भावकीतले लोक यायचे, पोरगी सुतारकी करती हे कसं काय, म्हणून दबक्या आवाजात विचारायचे. अप्पा म्हणायचे, "तिला कुठं येती सुतारकी? शिकून राहिली." हे ते निंदा म्हणून म्हणायचे की कौतुक, हे त्या लोकांना कळायचं नाही. मला कळायचं.

स्वस्तातल्या त्या डबीने आमचा छळ मात्र पुरेपूर केला. धार सकाळी लावली की दुपारी गेलेली असायची. एक बिट मशीनच्या तोंडातच घसरला आणि फळीत खोल खड्डा पडला. एका मोठ्या बिटाचं पातं निखळून पत्र्यात घुसलं, तेव्हा अप्पांनी मला हाताला धरून घरात नेलं आणि त्या दिवशी मशीनला हात लावू दिला नाही. गाठीवर आलं की लाकूड काळं पडायचं. दरवेळी अप्पांनी बिट काढायचा, उन्हात धरायचा, नांदेडच्या चाचांना चार शब्द ऐकवायचे आणि दगड घेऊन बसायचं. मी शेजारी बसून मेण चोळायची. सगळ्यात जास्त बोलणं आमचं त्याच वेळी व्हायचं. त्या दगडापाशी बसूनच त्यांनी मला गावातल्या तुळयांच्या गोष्टी सांगितल्या. कुठली कुणाच्या घरची, कुठल्या झाडाची, चढवताना कोण पडलं, कोण हसलं. त्या घरांतली माणसं कशी होती ते सांगितलं. आधी नुसतं लाकूड सांगायचे, माणसं पुढेपुढे यायला लागली.

खंडेनवमीला आई हत्यारांची पूजा मांडायची. भूकंपानंतर तिने पाट मांडला नव्हता, कारण मांडायला अप्पा काही देत नव्हते. त्या वर्षी अप्पांनी स्वतःच पाट धुतला. रंधा, करवत, पटाशी ओळीने ठेवल्या, मशीन ठेवलं आणि पुढे ती डबी उघडून ठेवली, त्यातले अर्धे बिट तोंड झडलेले. आईने प्रत्येकाला हळदीकुंकू लावलं. ही झडकी कशाला, मी म्हटलं. "असू दे," अप्पा म्हणाले. "राबलेत बिचारे."

टेबलं खपायला लागली. एका वसतिगृहवाल्याने एकदम बरीच मागितली तेव्हा मी ठरवलं, आता हा दळभद्रीपणा बास. चांगला बिट घ्यायचा. नांदेडला निघाले तर अप्पा म्हणाले, मीबी येतो, बघू तर कोण हाय हा तुझा चाचा. मावशीला डब्यात चिवडा घेऊन आम्ही दोघं निघालो.

अप्पा आणि चाचा कधी एकमेकांना भेटले नव्हते. अप्पांनी त्यांना इतके दिवस शिव्या दिल्या होत्या की मला धास्तीच होती. पण दुकानात पाऊल टाकल्यावर अप्पा हातरंध्यांच्या फळीपुढे उभे राहिले ते तिथेच. चाचांनी स्टूल दिलं, चहा सांगितला. दोघांचं निजामाच्या काळातल्या सागापासून जे सुरू झालं त्यात मला कुणी विचारेना. शेवटी मीच मध्ये बोलले, चाचा, कडेची गोलाई काढायचा चांगला बिट दाखवा.

चाचांनी काचेच्या कपाटातून एक डबी काढली, तिच्यात एकच बिट, मखमलीवर ठेवलेला. खाली चिमुकलं बेअरिंग. त्यांनी तो अप्पांच्या तळहातावर ठेवला. "हा घ्या, बाबूजी. दोन-तीन वर्षं बघायला नको. लाकूड जळणार नाही, धार जाणार नाही. बेटीचा सगळा ताप मिटला."

अप्पांनी बेअरिंग बोटाने फिरवलं. आवाजसुद्धा आला नाही. मग डाव्या अंगठ्याने धार बघितली, उजेडाकडे धरून बघितली, पुन्हा अंगठा लावला. एवढ्या मायेने त्यांनी कुठल्या हत्याराकडे बघितलेलं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पसंत पडला म्हणून मी पर्स उघडली.

अप्पांनी बिट परत मखमलीवर ठेवला आणि डबी चाचांकडे सरकवली.

"लई चांगला हाय," ते म्हणाले. "पर तो साधावालाच द्या."

"का हो? परवडत नाही का?" चाचांनी विचारलं. "बेटीला हिशोबात देतो."

"तसं न्हाई." अप्पा माझ्याकडे बघत नव्हते. चाचांकडे बघून, जरा खाली वाकून, दोन पुरुषांनी आपसात बोलावं तसं ते बोलले. "हा घेतला तर लाकूड जळायचं न्हाई. मग पोरीला माझं काय काम?"

चाचा हसले. अप्पाही हसले म्हणून मग सगळं हसण्यावारी गेलं. चाचांनी साध्या बिटांची डबी कागदात गुंडाळली, अप्पांना हात जोडले, पुन्हा या म्हणाले. मी त्या डबीचे पैसे दिले. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि डबी माझ्या मांडीवर होती. नांदेड मागे पडलं तरी माझं रडणं काही थांबेना.

"गाडी लागून राहिली का गं?" अप्पांनी विचारलं.

मी हो म्हटलं. अप्पा उठले, मला उठवून पुढच्या, जास्त वारा येणाऱ्या खिडकीपाशी बसवलं आणि शेजारी बसून लातूर येईपर्यंत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ती दोन ताठ बोटं मला वेगळी कळत होती.